गरोदर बाईनं विचारायचं कुणाला?



विषयाला हात घालण्याआधी एक जुनी बाकी तुमच्यासमोर मांडतो. तीन वर्षांपूर्वी याच सोनईत, याच व्याख्यानमालेत मी ज्ञानेश्वरीतल्या कर्मविचारावर बोललो होतो. नेवासं आपल्या तालुक्याचं गाव, त्यामुळं तो विषय इथं कधीही चालतो. व्याख्यान संपलं, चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक बायकांच्या बाजूनं आलेली होती. वहीचा कागद, चार घड्या घातलेला, पेन्सिलीनं लिहिलेलं, खाली नाव नाही. तिच्यात दोन प्रश्न होते. दिवस गेल्यावर नवऱ्याजवळ गेलं तर बाळाला काही होतं का? आणि नको वाटलं तर नाही म्हणता येतं का?

मी ती वाचली आणि खिशात टाकली. पुढची चिठ्ठी निष्काम कर्माबद्दल होती. तिच्यावर मी वीस मिनिटं बोललो.

घरी सदरा धुवायला टाकताना आमच्या हिनं ती चिठ्ठी काढली, वाचली आणि मला विचारलं, "मग काय सांगितलंत?" मी म्हटलं, अगं, विषय वेगळा होता. ती म्हणाली, "तिचा विषय तोच होता की."

तर आजचं व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ती बाई आज इथं आहे की नाही, मला माहीत नाही. तिचं लेकरू एव्हाना अंगणवाडीत जात असेल. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आहे. त्यामुळं उत्तराआधी मला दुसरीच गोष्ट छळते. असला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरकडे यावाच का? तिला विचारायला दुसरं कुणीच कसं नव्हतं? याचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्या महाराष्ट्रातला आहे, थोडा तर आपल्या नगर जिल्ह्यातला आहे.

सुरुवात आपल्या एका शब्दापासून करू. डोहाळे. हा शब्द संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला, आणि त्याचा संबंध जुन्या वैद्यकानं दोन हृदयांशी जोडला. सुश्रुत सांगतो की चौथ्या महिन्यात गर्भाला हृदय येतं, म्हणून ती बाई दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात, नाहीतर गर्भाला अपाय होतो. शरीरशास्त्र म्हणून ते बाजूला ठेवा. पण विचार म्हणून बघा, किती मोठी गोष्ट आहे. एरवी जिला कुणी 'तुला काय हवं' असं विचारत नाही, तिला या काळात विचारलंच पाहिजे, असं शास्त्र सांगतं. आपलं डोहाळजेवण त्यातनंच आलं. झोपाळ्यावर बसवायचं, धनुष्यबाण हातात द्यायचा, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि मग बर्फी की पेढा. (तो बर्फी-पेढ्याचा खेळ आता बंद करायला हरकत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ मध्ये आला, आणि आपण वाट्या झाकून अजून तेच विचारतोय.)

पण डोहाळे कशाचे? चिंचेचे, कैरीचे, मातीच्या वासाचे. इच्छा विचारायची ती खाण्यापिण्याची. देहाच्या बाकीच्या इच्छेबद्दल, किंवा नको वाटण्याबद्दल, शास्त्र विचारत नाही, बजावतं. दिवस गेल्याचं कळल्यापासून संग टाळावा, असं सुश्रुत सांगतो. चरकाच्या शारीरस्थानात आठवा अध्याय आहे. गरोदर बाईला काठोकाठ तेलानं भरलेल्या भांड्यासारखं जपावं, ही सुंदर उपमा तिथलीच. महिन्यामहिन्याचा आहार तिथं आहे. आणि तिथंच असंही आहे की जी गरोदर बाई संगाची हौस करते तिला कुरूप, निर्लज्ज मूल होतं. जी करते तिला! म्हणजे दोष बाईच्या खात्यावर. नवऱ्याला उद्देशून वाक्य नाही. दहा जणींतल्या नऊ जणींच्या बाबतीत मागणी कुणाकडून येत असेल, हे चरकाच्या काळीही लोकांना ठाऊक असणारच.

आमच्या शास्त्रात विधिनिषेध आणि संवाद यांत आम्ही फरक करतो. 'हे करू नये' हा निषेध. तो सगळ्यांना सारखा लागू आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. सल्ला म्हणजे आधी ऐकणं, मग त्या बाईपुरतं सांगणं. आपल्याकडे गरोदरपणाबद्दल निषेधांची कधी वाण नव्हती. ग्रहणात चिरू नको, तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको, पपई खाऊ नको. दुष्काळ होता तो सल्ल्याचा.

मात्र आपल्या समाजानं एक सोय करून ठेवली होती, न बोलता. ती म्हणजे माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, भाऊ किंवा बाप न्यायला यायचा, आणि पुढं सव्वा महिना, तीन महिने, कुठं कुठं पाच महिने ती आईजवळ. आता याचा अर्थ लावा. शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे महिने नवऱ्याच्या मागणीपासून तिची सुटका, आणि कुणालाही तोंडानं काही म्हणावं लागत नाही. ज्यानं ही रीत पाडली तो, किंवा बहुतेक ती, मोठी शहाणी असणार. पण ही रीत अंतर देते, ज्ञान देत नाही. आणि जिला माहेर नाही तिचं काय, याचं उत्तर तिच्यात नाही. तिकडं मी शेवटी येणार आहे.

इथं थोडं माझं सांगतो. आमचं लग्न १९७७ चं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आईनं काही न बोलता हिचं अंथरूण माजघरात स्वतःशेजारी घातलं. मी मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत. तालुक्याच्या एका डॉक्टरकडे दर महिन्याला घेऊन जायचो. ते नाडी बघायचे, लोहाच्या गोळ्या लिहायचे, "सगळं ठीक आहे" म्हणायचे. मला विचारायचं होतं. मी तेव्हा कांट शिकवत होतो, वर्गात मला कोणताही प्रश्न अवघड वाटत नव्हता. पण त्या टेबलासमोर तोंड उघडलं नाही. मी आपला संयम पाळत राहिलो, हात लांब, नजर लांब. मला वाटायचं मी फार समंजस वागतोय. चाळीस वर्षांनी, नातवाच्या बारशाच्या दिवशी, ही सहज बोलून गेली, "मला तेव्हा वाटायचं, मी जाड झाले, तोंडावर वांग आले, म्हणून तुम्हाला नकोशी झाले." नऊ महिने, एका छताखाली, दोघं दोन वेगळ्या गोष्टी समजत होतो. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि एकमेकांना विचारायची भाषा नव्हती. हे सांगायची परवानगी तिनं दिली आहे, म्हणून सांगतो.

आता इतिहासाकडे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय आपल्याकडे आला तो सल्ल्याच्या रूपानं नव्हे, मरणाच्या रूपानं आला. आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून माहीत आहेत. त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, हे आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढं जातो. चौदा वर्षांच्या मुलीचं बाळंतपण. ती मुलगी पुढं अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि प्रबंधाला विषय कोणता निवडला? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या शास्त्राच्या छायेत तिचं मूल गेलं, तेच तिनं अभ्यासाला घेतलं. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, ती गेली. तिच्या हातून किती जणींना सल्ला मिळाला असता, याचा हिशेब कोण करणार.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला चालला. लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे मी जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. माझ्या खिशातल्या चिठ्ठीतला दुसरा प्रश्न, 'नाही म्हणता येतं का', हा महाराष्ट्रात उघडपणे पहिल्यांदा कोर्टात विचारला गेला तो इथं. रखमाबाई पुढं डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा. कलकत्त्यातली फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगानं मेली, त्यानंतर वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. एवढ्यावरून केवढा गदारोळ! टिळक विरोधात, रानडे-भांडारकर-आगरकर बाजूनं. दोन्हीकडच्या पंडितांनी शास्त्रवचनांचे ढीग घातले. बारा वर्षांच्या मुलीला विचारावं, असं कुणाच्याही मनात आलेलं दिसत नाही.

त्याच १८९१ साली एक घरगुती मृत्यू झाला. धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई बाळंतपणात गेल्या. सत्तावीस वर्षांच्या होत्या. मागं नऊ वर्षांचा मुलगा राहिला, रघुनाथ.

हाच रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्स बाईंचं केंद्र निघालं ते वर्ष आणि हे वर्ष एकच, हे लक्षात ठेवा. आपण काही फार मागं नव्हतो. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई पाठीशी खंबीर उभ्या राहिल्या म्हणून ते निभलं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे घर आठवत असेल.

कर्व्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. भाषा फार बोचरी. समोरच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय त्यांचा मुद्दा पुरा व्हायचा नाही, आणि असा माणूस सल्लागार म्हणून कितपत चालेल, शंकाच आहे. पण दोन गोष्टी त्यांनी अशा केल्या की त्यांना तोड नाही. एक म्हणजे गर्भारपण हे बाईच्या इच्छेनं यावं आणि शरीरसुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी मराठीत, साध्या वाक्यांत लिहिलं. दुसरी, आणि माझ्या विषयाला जवळची, म्हणजे त्यांनी वाचकांचे प्रश्न घेतले. लोक पत्रं पाठवायचे, ते मासिकात उत्तरं द्यायचे. ज्या गोष्टी नवरा बायकोशी बोलत नाही, बायको आईशी बोलत नाही, त्या गोष्टी पोस्टाच्या पाकिटातून गिरगावात यायला लागल्या. मराठीत लैंगिक सल्ला सुरू झाला तो असा, पत्रातून.

आणि खटला भरला गेला तो नेमका त्यासाठी. त्याआधी १९३१ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ चा खटला मात्र वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. हे प्रश्न विकृत आहेत, ते छापायचेच कशाला, असा सूर निघाला तेव्हा त्यांनी सांगितलं की विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल, दुसरं काय घालवणार तिला? खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

मी हा खटला पुन्हा पुन्हा वाचतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं त्यातला मुद्दा फार खोल आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा हक्क म्हणून त्यांनी उत्तराकडे पाहिलं. बोलणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर सगळे बोलतात. विचारणाऱ्याच्या हक्कावर कोण बोलतो? १९३४ मध्ये बाबासाहेब बोलले, आणि मी तीन वर्षांपूर्वी सोनईत चिठ्ठी खिशात घातली.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा. तो मांडला प्र. ज. रोहम यांनी, आणि रोहम हे आपल्या नगरचे आमदार. किती जणांना माहीत होतं? बघा, हात फारच थोडे वर आलेत. त्या भाषणात गरिबीचा मुद्दा आहे, पण बायकांच्या तब्येतीचाही आहे. वरचेवरच्या बाळंतपणांनी बाई झिजते, आणि बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाच्या वर मूल कुणी होऊ दिलं नसतं, असा रोखठोक युक्तिवाद त्यात आहे. ठराव फेटाळला गेला. पण नगरच्या एका आमदारानं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी विधानसभेत गरोदर बाईच्या देहाबद्दल असं बोलावं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

अडचण काय, तर पत्र लिहायला अक्षर लागतं आणि विधानसभेत बोलायला मत लागतं. १९३४ सालच्या सोनईतल्या किती बायका कर्व्यांना पत्र लिहू शकल्या असत्या? त्यांचं बोलणं होतं ते जात्यावर. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. सासुरवास, माहेर, लेकराचं सुख, नवऱ्याचा राग, सगळं त्यात आहे. पहाटे, अंधारात, बायकांनी बायकांशी बोललेलं. पण जात्यावरची दुसरी बाईही तेवढंच जाणत होती जेवढं पहिली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं कुटुंबनियोजन हातात घेतलं, १९५२ पासून. शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या कर्व्यांच्या परंपरेतल्या बाईंनी त्यासाठी खूप पायपीट केली, पुढं त्या राज्यसभेत गेल्या. पण सरकारी योजनेत लाल त्रिकोण आला, घोषणा आल्या, आणि मोजायचं काय, तर ऑपरेशनं. आणीबाणीत मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आम्हा शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगितलं होतं. त्या दोन वर्षांत या विषयाची एवढी बदनामी झाली की नंतर कित्येक वर्षं नर्सबाई दारात आली की गडी माणसं मागल्या दारानं पळायची. ज्या बाईशी बोलायचं ती 'केस' झाली, आणि केसशी कुणी बोलत नाही.

या सगळ्याला वेगळं वळण मिळालं ते पुन्हा आपल्याच जिल्ह्यात. जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथं आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यात पाठवून पाहिल्या. जमलं नाही. गावच्या बाया त्यांच्याशी मोकळेपणानं बोलेनात. मग त्यांनी गावातलीच बाई निवडायला लावली. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकमेकींच्या अडचणी ऐकायच्या आणि गावात परत जायच्या. ज्या बाईला गावानं कधी विचारलं नव्हतं, तिला गाव विचारायला लागलं. गरोदर बाई पोट भरून खात नव्हती, का, तर मूल मोठं होईल आणि अडेल. हे डॉक्टरनं शंभरदा सांगून पटत नाही. स्वतः चार बाळंतपणं काढलेल्या शेजारणीनं चुलीपाशी बसून सांगितलं की पटतं. त्याच चुलीपाशी बाकीचं बोलणंही निघतं. पुढं २००५ पासून देशभर आशाताई आल्या, त्यांच्या कल्पनेमागं जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव आहे. आपण त्यांना मोबदला केवढा देतो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, आणि त्या व्याख्यानात मी आवाज चढवीन.

जामखेडनंतर गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाच्या आरोग्यधोरणात तोवर बाई म्हणजे गर्भाशय, आणि तेही मूल असेल तोवर, असाच हिशेब होता. या अभ्यासानं दाखवलं की बाईचं दुखणं गरोदरपणाच्या आधीपासून असतं, नंतरही असतं आणि ती बोलत नाही, कारण कुणी विचारत नाही. राणीताईंच्या पुस्तकाचं नाव बघा, 'कानोसा'. आपण भाषण देतो, प्रबोधन करतो, शिबिर घेतो. त्यांनी कानोसा घेतला.

आता माहेर नसलेल्या बाईकडे येतो, म्हटलं होतं.

दिवाळी झाली की आपल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या यायला लागतात. बीडकडून, पाथर्डीकडून. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम या माणसांवर चालतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल जोडीला मिळते. एकानं खाडा केला तर पैसे कापले जातात. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तुम्ही पाहिली आहे, मीही पाहिली आहे. तिचं सातव्या महिन्यातलं माहेर कुठं? ती राहते कोपीत. दार नाही, न्हाणी नाही, आडोसा नाही. आपल्या रिवाजानं जी सुटका ठेवली होती ती तिच्या वाट्याला नाही, आणि सल्ला तर नाहीच. अंगावर पांढरं जातं, लघवीला जळजळतं, ओटीपोट दुखतं, आणि कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक. २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणींना, पहिल्या गरोदरपणातच, एका जाणत्या बाईनं अर्धा तास दिला असता, नवरा-बायको दोघांना एकदम औषध दिलं असतं, तर ही वेळ आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं. आता चिठ्ठी.

पहिला प्रश्न: बाळाला काही होतं का? गरोदरपण व्यवस्थित चाललेलं असेल तर नाही, असं आजचं प्रसूतिशास्त्र सांगतं. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असतं आणि घट्ट चिकट बुळ्यानं बंद असतं. तिथवर काही पोचत नाही. मूल कुरूप होत नाही, निर्लज्ज तर नाहीच नाही. पण काही वेळा मनाई आहे आणि ती पाळायचीच. अंगावरून रक्त जात असेल, सोनोग्राफीत वार खाली आहे असं सांगितलं असेल, पाणी जात असेल, दिवस भरण्याआधी कळा येत असतील, गर्भाशयाचं तोंड सैल म्हणून टाका घातला असेल. आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नवऱ्याला किंवा बाईला जळजळ, फोड, घाण वासाचा स्राव असं काही असेल तर दोघांनी तपासून घ्यायचं, एकट्या बाईनं नव्हे. तोवर थांबायचं, नंतरही शंका असेल तर निरोध वापरायचा. एचआयव्ही आणि गरमी यांची तपासणी पहिल्याच भेटीत होते, ती चुकवायची नाही.

आणि इच्छेचं म्हणाल तर पहिले तीन महिने मळमळ आणि थकवा असतो, पुष्कळ जणींना नको वाटतं. मधल्या महिन्यांत काहींना बरं वाटतं, काहींना आधीपेक्षा जास्त हवंसं वाटतं. शेवटी जड होतं. यातलं काहीही झालं तरी ते विचित्र नाही. जवळ बसणं, पाठ चोळणं, हात हातात घेणं याला कुठल्याच महिन्यात बंदी नाही. हे मला १९७८ साली कुणी सांगायला हवं होतं. बाळंतपणानंतर रक्त जाणं थांबेपर्यंत आणि टाके भरेपर्यंत थांबावं, साधारण सहा आठवड्यांनी तपासून घ्यावं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत या भरवशावर राहू नये, पाळीच्या आधीही दिवस जातात.

दुसरा प्रश्न: नाही म्हणता येतं का? हो. गरोदर असताना, नसताना, कधीही. कारण द्यावं लागत नाही. इथं कायदा अर्धवट आहे हेही प्रामाणिकपणे सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे आणि त्याखाली संरक्षण मागता येतं. पण नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेल्या जबरदस्तीला आपला नवा दंड कायदासुद्धा बलात्कार म्हणत नाही. रखमाबाईंच्या खटल्याला शतक उलटून गेलं तरी तो अजून पुरता निकाली निघालेला नाही. म्हणून हे बायकोला सांगून भागत नाही, नवऱ्याला सांगावं लागतं. आणि नवऱ्याला सांगायची एक जागा आयती आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून चालू आहे. तिथं नवरे येतात, पण फटफटीवर बसून फाटकाबाहेर थांबतात. त्यांना आत बोलवा. दहा मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदर बाईच्या किमान आठ 'भेटी' न म्हणता आठ 'संपर्क' असा शब्द मुद्दाम घेतला, कारण भेट म्हणजे नुसतं जाऊन येणंही असतं. आमच्या हिच्या दर महिन्याच्या त्या चकरा, त्या सगळ्या नुसत्या भेटीच होत्या.

आज मी एकटा आलेलो नाही. माझ्याबरोबर एक स्त्रीरोगतज्ज्ञ ताई आल्या आहेत आणि मागं दोन आशाताई बसल्या आहेत. कोरे कागद आणि पेन्सिली त्यांच्याकडे आहेत. पुरुषांनीही घ्यावेत, लाजू नये. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या या डब्यात टाका, डबा मी उघडणार नाही, ताई उघडतील. हां, आणि ध्वनिमुद्रण आता बंद करा.